छंदोबद्ध रचना : अभंग, ओवी, श्लोक आणि आर्या यांचा परिचय



उत्सवाचे दिवस जवळ आले की न्यासाकडे भाविकांनी स्वतः रचलेल्या आरत्या, पदे, अभंग आणि भूपाळ्या येऊ लागतात. त्यामागील भाव निर्मळ असतो, शब्दही पुष्कळदा सुंदर असतात. तथापि त्यांपैकी बऱ्याच रचना सभामंडपात सर्वांना एकत्र म्हणता येत नाहीत. पहिली ओळ चालीत बसते, दुसरीत दोन अक्षरे जास्त होतात, तिसरीत एक कमी पडते. मग निम्मे लोक पुढे जातात, निम्मे मागे राहतात आणि चौथ्या ओळीला केवळ रचनाकाराचाच आवाज उरतो. दोष भक्तीचा नसतो, मोजणीचा असतो, आणि मोजणी शिकता येते. त्यासाठी पंडित असावे लागत नाही. म्हणून छंदोबद्ध रचनेची मूलतत्त्वे एकत्र देण्याचा हा प्रयत्न आहे.

छंद हा कवितेचा दागिना आहे, असा एक समज आढळतो. वास्तविक छंद ही अनेक मुखांनी एकच शब्द एकाच वेळी उच्चारण्याची सोय आहे. छापखाने नव्हते त्या काळी ग्रंथ याच सोयीने कंठात राहिले. महाराष्ट्रापासून दूर, माळव्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना या सोयीचे मोल अधिक आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

१. इंदूर, माळवा आणि मराठी पद्य

आपल्या भागाचा मराठी पद्याशी असलेला संबंध जुना आहे. बारामतीचे कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या स्तुतिपर आर्या रचल्या. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांनी अहिल्यादेवींच्या उपदेशावरून तमाशा सोडून कीर्तनाचा मार्ग धरला, अशी परंपरागत कथा सांगितली जाते. मराठी साहित्य संमेलन इंदूर नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा भरले. त्यांचे अध्यक्ष अनुक्रमे गणेश जनार्दन आगाशे, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि विजया राजाध्यक्ष हे होते.

राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा. देवास आणि ग्वाल्हेर येथे त्यांचे आयुष्य गेले. तांब्यांच्या कवितेवर अनेक ठिकाणी जाती आणि राग यांचा निर्देश आढळतो. म्हणजे कवी लिहीत असतानाच ती कविता कशी म्हटली जाईल याचा विचार करीत होता. त्यांच्या समग्र कवितेचे संपादन १९३५ मध्ये ज्यांनी केले ते माधव त्रिंबक पटवर्धन तथा माधव जूलियन (१८९४–१९३९) हे मराठी छंदःशास्त्राचे थोर अभ्यासक होत. त्यांचा जन्म बडोद्याचा. त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ प्रथम १९२७ मध्ये आणि पुढे विस्तारित रूपात १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ मध्ये डी.लिट. ही पदवी दिली. मराठी छंदाचा शास्त्रकार बडोद्यात जन्मला आणि गेय कवितेचा एक मोठा कवी माळव्यात वाढला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इंदुरात दत्तभक्तांच्या घरोघरी म्हटली जाणारी 'करुणात्रिपदी' हीदेखील छंदोबद्ध रचनाच आहे. परमपूज्य वासुदेवानंद सरस्वती (टेंबे स्वामी) यांनी ती १९०५ मध्ये नृसिंहवाडी येथे रचली. त्यांचे शिष्य परमपूज्य नाना महाराज तराणेकर यांच्यामुळे ती इंदूर आणि माळव्यात सर्वतोमुखी झाली. ज्यांना मराठी वाचता येत नाही अशी मुलेही ती बिनचूक म्हणतात. याचे श्रेय जितके श्रद्धेला तितकेच तिच्या घट्ट बांधणीला आहे.

२. पद्याचे तीन प्रकार

माधव जूलियन यांनी मराठी पद्याची मांडणी तीन वर्गांत केली आहे.

(अ) छंद : यात केवळ अक्षरे मोजावयाची. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे पाहावयाचे नाही, कारण म्हणताना प्रत्येक अक्षर सारखेच लांबविले जाते. अभंग आणि ओवी या वर्गात येतात.

(आ) जाती : यात मात्रा मोजावयाच्या. अक्षरे कितीही असोत, मात्रांची बेरीज जुळली पाहिजे. आर्या, दिंडी, साकी, पादाकुलक ही याची उदाहरणे.

(इ) वृत्त : यात अक्षरांची संख्याही ठरलेली आणि प्रत्येक अक्षराचा लघु-गुरु क्रमही ठरलेला. भुजंगप्रयात, शार्दूलविक्रीडित, मालिनी, पृथ्वी इत्यादी.

नवीन रचनाकाराने याच क्रमाने, म्हणजे अभंगापासून आरंभ करावा. छंद सर्वांत सोपा आणि वृत्त सर्वांत कठीण आहे.

३. अभंग आणि ओवी

मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिन्ही चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. शास्त्रात यास 'देवद्वार' छंद म्हणतात. संत नामदेवांच्या गाथेतही अभंगाच्या अक्षरसंख्येचा उल्लेख असलेला अभंग आहे. समजण्यासाठी एक साधे कडवे येथे रचून देत आहे :

आरतीच्या वेळी । उजळली वाट ।
घरोघरी ताट । नैवेद्याचे ॥

मोजून पाहावे : आ-र-ती-च्या-वे-ळी ही सहा, उ-ज-ळ-ली-वा-ट ही सहा, घ-रो-घ-री-ता-ट ही सहा, नै-वे-द्या-चे ही चार. जोडाक्षर हे एकच अक्षर मोजावयाचे. 'वाट' हा शब्द बोलताना आपण एका झटक्यात उच्चारतो, पण पद्यात 'वा' आणि 'ट' ही दोन अक्षरे धरतात आणि म्हणतानाही 'ट' पूर्ण उच्चारतात. येथेच 'आरतीच्या वेळेला' असे लिहिले असते तर सात अक्षरे झाली असती आणि टाळ चुकला असता.

लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि त्यांचे यमक जुळते :

दारी रांगोळी काढली । खीर सर्वांना वाढली ॥

संतांच्या अभंगांतही एखादे अक्षर कमी-अधिक आढळते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु ते अभंग पिढ्यान्‌पिढ्या गाऊन घोटले गेले आहेत. कमी अक्षर कोठे लांबवावे आणि जास्तीचे कोठे आटोपावे हे गाणाऱ्यांना पाठ आहे. आपली रचना लोक प्रथमच म्हणणार असतात. त्यांना ही माहिती नसते. म्हणून नव्या रचनाकाराने ही सवलत घेऊ नये.

ओवी अभंगापेक्षा जुनी आणि अधिक मोकळी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (११२९) या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा त्यांनी दरबारातला नव्हे, घराघरांतला छंद निवडला. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांत सामान्यतः पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते, चौथा चरण आखूड असून यमकाशिवाय येतो. चरणातील अक्षरांची संख्या ठाम नाही. म्हणूनच निवेदन, कथा, माहात्म्य यांसाठी ओवी योग्य, आणि समूहाने टाळ्या वाजवीत म्हणावयाचे असेल तर अभंग योग्य.

४. लघु आणि गुरु

जाती आणि वृत्त यांसाठी लघु-गुरु समजणे अनिवार्य आहे. नियम थोडे आहेत :

• अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघु; त्याची एक मात्रा.
• आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे स्वर असलेले अक्षर गुरु. त्याच्या दोन मात्रा.
• उच्चारात येणारा अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरु.
• जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरु. जोडाक्षर स्वतः त्यामुळे गुरु होत नाही.
• चरणाच्या शेवटी येणारे लघु अक्षर गरजेप्रमाणे गुरु मानता येते.

उदाहरणार्थ, 'मंदिर' = २+१+१, एकूण ४ मात्रा. 'इंदूर' = २+२+१, एकूण ५. 'माळवा' = २+१+२, एकूण ५. 'प्रसाद' = १+२+१, एकूण ४; येथे 'प्र' जोडाक्षर असूनही लघुच आहे. 'अहिल्या' = १+२+२, कारण 'ल्या'चा आघात 'हि'वर येतो. 'तुम्ही' मध्ये 'तु'वर आघात येत नाही, म्हणून १+२. शंका आल्यास शब्द मोठ्याने उच्चारावा. डोळ्यापेक्षा कान अधिक विश्वासू आहे.

५. हिंदी प्रदेशातील मराठी रचनाकाराची विशेष अडचण

पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत, बाजारात, शाळेत आपला दिवस हिंदीत जातो. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्यामुळे हिंदीची लेखनसवय मराठीत नकळत उतरते, आणि पद्यात तिचा थेट परिणाम होतो.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार संस्कृतातून आलेल्या शब्दांचा शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहितात. हिंदीत तो ऱ्हस्वच राहतो. म्हणून 'शक्ति' या हिंदी रूपाच्या तीन मात्रा, तर मराठी 'शक्ती'च्या चार. 'गुरु' दोन मात्रांचा, 'गुरू' तीन मात्रांचा. मात्र समासात पहिले पद मराठीतही ऱ्हस्व राहते : भक्तिमार्ग, शक्तिपीठ, गुरुकृपा. पूर्वीच्या पोथ्या या नियमांच्या आधी छापलेल्या असल्याने त्यांत जुनी रूपे आढळतात, हेही ध्यानात ठेवावे.

पद्यात वृत्त सांभाळण्यासाठी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत कवीला आवश्यक तेवढे स्वातंत्र्य असावे, असे महामंडळाच्या लेखननियमांत मान्य केलेले आहे. ही सवलत एखाद्या अक्षरापुरती आहे. प्रत्येक ओळीत तिचा वापर होऊ लागला तर रचना पुन्हा मोजून पाहावी.

दुसरी अडचण 'ळ'ची. हिंदी कळफलकावर लिहिताना 'ळ'च्या जागी 'ल' पडतो आणि पुढे तसाच वाचला जातो. 'बाळ' आणि 'काल' यांचे यमक मराठी कानाला जुळत नाही. 'बाळ' आणि 'टाळ' यांचे जुळते. ज्या घरात मुले 'ळ' उच्चारायला कंटाळतात, त्या घरात रोज चार अभंग म्हणवून घ्यावेत. यमक स्वतःच उच्चार सुधारून घेते. व्याकरणाचे पुस्तक हातात न घेता भाषा टिकविण्याचा याहून सोपा मार्ग आढळत नाही.

६. मात्रांच्या जाती

आर्येचे चार चरण अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रांचे असतात. चौथा चरणही १८ मात्रांचा असला म्हणजे तिला गीती म्हणतात. मोरोपंतांच्या म्हणून आपण ज्यांना आर्या म्हणतो त्या बहुतेक गीतीच आहेत. दिंडीच्या चरणात ९ आणि १० अशा एकूण १९ मात्रा असतात. कीर्तनकारांची ती आवडती चाल आहे. पादाकुलकाच्या चरणात आठ-आठच्या दोन गटांनी १६ मात्रा येतात :

पाऊस पडे, हिरवे डोंगर

२+२+१+१+२ हे आठ, १+१+२+२+१+१ हे आठ. आठ मात्रांचा हा गट टाळीला सहज बसतो. पहिले पद लिहू इच्छिणाऱ्यांनी पादाकुलक घ्यावे. आर्या पुढे हात बसल्यावर घ्यावी.

७. अक्षरगणवृत्ते

वृत्तात अक्षरे तीन-तीनच्या गणांत मांडतात. गण आठ आहेत आणि ते 'यमाताराजभानसलगा' या एका सूत्रात साठविले आहेत. ज्या गणाचा क्रम हवा त्याच्या अक्षरापासून तीन अक्षरे घ्यावीत. 'य' गण म्हणजे 'यमाता' : लघु, गुरु, गुरु. 'र' गण म्हणजे 'राजभा' : गुरु, लघु, गुरु. 'स' गण म्हणजे 'सलगा' : लघु, लघु, गुरु. याप्रमाणे उरलेलेही काढता येतात. सूत्राच्या शेवटी असलेले 'ल' आणि 'ग' म्हणजे सुटे लघु आणि गुरु.

नित्यपाठातील काही वृत्ते :

• भुजंगप्रयात : य य य य, १२ अक्षरे. समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' (एकूण २०५) याच वृत्तात आहेत.
• मालिनी : न न म य य, १५ अक्षरे, आठव्या अक्षरावर यती. करुणाष्टकांतील सर्वपरिचित अष्टक या वृत्तात आहे.
• पृथ्वी : ज स ज स य ल ग, १७ अक्षरे. मोरोपंतांची 'केकावली' प्रामुख्याने या वृत्तात आहे.
• शार्दूलविक्रीडित : म स ज स त त ग, १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. मंगलाष्टके बहुधा याच वृत्तात म्हणतात.

भुजंगप्रयाताचा एक चरण नमुन्यादाखल :

दिवा लावुनी शांत बैसून राहा

दि-वा-ला, वु-नी-शां, त-बै-सू, न-रा-हा : प्रत्येक गण लघु-गुरु-गुरु. येथे 'लावूनी' असे दीर्घ लिहिले तर दुसरा गण बिघडतो, म्हणून 'लावुनी'. वर सांगितलेले कवीचे स्वातंत्र्य ते हेच.

मंगलाष्टकांबाबत थोडे अधिक लिहिणे उपयुक्त ठरेल, कारण आपल्याकडे लग्नघरी आत्या-मावश्या, काका-मामा हौसेने नवी मंगलाष्टके रचतात आणि त्यांत वधूवरांची नावे गुंफतात. अडचण नेमकी नावांपाशी येते. शार्दूलविक्रीडिताचा क्रम असा : गुरु गुरु गुरु लघु लघु गुरु लघु गुरु लघु लघु लघु गुरु, येथे यती, मग गुरु गुरु लघु गुरु गुरु लघु गुरु. 'राधिका' (गुरु लघु गुरु) हे नाव सहाव्या, चौदाव्या किंवा सतराव्या अक्षरापासून बसते. 'अनघा' (लघु लघु गुरु) चौथ्या किंवा दहाव्या अक्षरापासून, 'माधव' (गुरु लघु लघु) तिसऱ्या किंवा आठव्या अक्षरापासून. प्रथम नावाची जागा निश्चित करावी आणि मग भोवतीची ओळ रचावी. ओळ आधी रचून तीत नाव कोंबले की अक्षता हातात घेऊन उभे असलेले सारे मंडळ अडखळते.

काही नावे काही वृत्तांत बसतच नाहीत. भुजंगप्रयातात दोन लघु लागोपाठ येत नाहीत; त्यामुळे 'माधव' तेथे येणार नाही, पण संबोधन 'माधवा' केले की बसते. अशा वेळी नावाची मोडतोड करू नये. विभक्ती किंवा वृत्त बदलावे.

८. रचना करण्याची पद्धत

१) जे सांगावयाचे आहे ते प्रथम दोन-तीन वाक्यांत गद्यात लिहावे. गद्यात सांगता येत नाही ते पद्यात लपते, स्पष्ट होत नाही.
२) प्रसंग पाहून छंद निवडावा : समूहासाठी अभंग किंवा पादाकुलक, कथेसाठी ओवी, एकट्याच्या पठणासाठी श्लोक.
३) त्या छंदातील एक परिचित रचना दहा वेळा मोठ्याने म्हणावी, म्हणजे माप कानात बसते.
४) ओळ लिहावी, बोटांवर मोजावी. जमत नसेल तर आधी शब्दांचा क्रम बदलावा, मग पर्यायी शब्द शोधावा.
५) यतीच्या जागी शब्द मधोमध तुटू नये.
६) 'हो', 'रे', 'तो', 'ची' अशी भरतीची अक्षरे कडव्यात एकाहून अधिक असू नयेत.
७) केवळ क्रियापदाच्या प्रत्ययावर यमक साधू नये. 'गेली' आणि 'झाली' यांत फक्त 'ली' जुळते. 'काढली' आणि 'वाढली' यांत त्याआधीचा भागही जुळतो.
८) शेवटी रचना अशा व्यक्तीच्या हाती द्यावी जिने ती पूर्वी ऐकलेली नाही, आणि तिला चालीवर म्हणावयास सांगावे. ती जेथे थांबेल तेथे दुरुस्ती हवी.

९. छंद नसेल तर?

सर्वच भावना छंदात याव्यात असा आग्रह नाही. कवी अनिल यांनी मराठीत मुक्तछंद रुजविला आणि त्यातून उत्तम कविता निर्माण झाली. एकांतातील प्रार्थना गद्यात असली तरी तिचे मोल कमी होत नाही. परंतु जी रचना दहा जणांनी मिळून म्हणावी, पुढच्या पिढीने पुस्तकाशिवाय लक्षात ठेवावी अशी इच्छा असेल, तिला मापाचा आधार पाहिजे. सुंदर शब्द असूनही ज्या आरत्या कागदावरच राहिल्या त्या याच एका कारणाने राहिल्या, असे पुष्कळदा दिसते.

१०. विनंती

उत्सवासाठी रचना पाठविणाऱ्या भाविकांनी रचनेच्या वर छंदाचे, जातीचे किंवा वृत्ताचे नाव आणि अपेक्षित चाल लिहावी. पहिल्या कडव्याची अक्षरे किंवा मात्रा मोजून त्याखाली द्याव्यात. मोजणीत अडचण आल्यास रचना तशीच पाठवावी. जाणकार सभासद भाव व शब्द यांना धक्का न लावता दुरुस्ती सुचवतील आणि रचनाकाराच्या संमतीनेच ती अंतिम होईल. ज्येष्ठांना नम्र विनंती की त्यांना पाठ असलेल्या, परंतु कोठेही छापलेल्या नसलेल्या घरगुती आरत्या व ओव्या त्यांनी घरातील मुलांकडून लिहवून घ्याव्यात. लिहिताना मुले अक्षरे मोजू लागतील आणि तेथूनच त्यांचे शिक्षण सुरू होईल.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
सचिव
पोलोग्राउंड, इंदूर